आपले भंडारा शहर
(दिघोरी येथील प्रौढ वर्गात केलेले भाषण)



गेल्या मंगळवारी वर्ग सुटत होता. पाट्या गोळा होत होत्या. तेवढ्यात एक आजी पुढे आल्या. पदराआड त्यांनी पितळेचा गुंड धरला होता. आम्हाला वाटले, पाण्याला निघाल्या असतील. पण त्या म्हणाल्या, "गुरुजी, यावर काही कोरलं आहे जी. लगनात बापानं दिला होता. तेव्हापासून रोज घासते. पण काय लिहिलं आहे ते ठाऊक नाही. आज वाचून पाहू का?"

सगळा वर्ग भोवती जमला. कंदिलासारखा मोबाईलचा उजेड कुणीतरी धरला. ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरे होती. घासून घासून झिजली होती. आजींनी बोट ठेवून एक एक अक्षर लावले. पहिले निघाले त्यांच्या वडिलांचे नाव. मग लग्नाचे साल. आजी थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग त्यांनी गुंड उलटा केला. तळाशी दुकानाचा शिक्का होता. त्यातला एकच शब्द लागला. तो त्यांनी तीनदा वाचला. भंडारा.

तिथे बसलेला एक तरुण म्हणाला, "भंडाऱ्याला तर मी दहादा गेलो. कोर्टात गेलो, दवाखान्यात गेलो. मला तिथं कुठं गुंड बनताना दिसला नाही."

त्याचेही खरे होते. आजींचा गुंडही खरा होता. मग मधे काय झाले? तेच आज आपण बोलू. शहर कसे वाढते, कशावर जगते, कशाने मोडते, आणि आपल्यासारख्या गावच्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध, हे पाहू.

नाव आणि जुना काळ

आपण दिघोरीहून निघतो. साकोलीला येतो. तिथे मोठा रस्ता लागतो. हा रस्ता रायपूरकडून येतो आणि नागपूरकडे जातो. लाखनी मागे पडते. मग वैनगंगेचा पूल येतो. पूल ओलांडला की भंडारा. तिथून नागपूर सुमारे ६० किलोमीटर.

भंडारा हे नाव जुने आहे. छत्तीसगडात रतनपूर नावाचे ठिकाण आहे. तिथे एक शिलालेख सापडला. शिलालेख म्हणजे दगडावर कोरलेला लेख. तो इसवी सन १११४ चा आहे. त्यात 'भाणारा' असे नाव आले आहे. त्यावरून भंडारा हे नाव पडले असे जाणकार सांगतात. लोक आणखी एक गोष्ट सांगतात. 'भाणे' म्हणजे पितळेचे ताट. भाणी बनवणाऱ्यांचे गाव म्हणून भंडारा. कोणतेही खरे माना. नऊशे वर्षांपूर्वी हे नाव लोकांच्या तोंडी होते, एवढे नक्की.

त्याहून जुने शहर आपल्याच जिल्ह्यात आहे. ते म्हणजे पवनी. १९६९-७० मध्ये तिथे विद्वानांनी जमीन खणली. खाली बुद्धाच्या काळानंतर बांधलेले मोठे स्तूप निघाले. दोन हजार वर्षांपूर्वी पवनी हे भरभराटीचे शहर होते. तेव्हा भंडाऱ्याचे नाव कुणी घेत नव्हते. आज पवनी हे तालुक्याचे गाव आहे. शहरेही चढतात आणि उतरतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे कामी येईल.

आपल्या मुलखावर गोंड राजांचे राज्य होते. मग नागपूरकर भोसले आले. १८५३ साली तिसरे रघूजी भोसले वारले. त्यांना मुलगा नव्हता. इंग्रजांनी तेच निमित्त केले आणि राज्य खालसा केले. भंडारा जिल्ह्याचे ठिकाण होते. तिथे कचेरी होती, खजिना होता, तुरुंग होता. १८६७ साली तिथे नगरपालिका झाली. १९०१ च्या शिरगणतीत शहराची वस्ती सुमारे १४ हजार भरली. २०११ साली तीच सुमारे ९२ हजार झाली.

स्वराज्य आले तेव्हा आपण मध्यप्रांतात होतो. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आलो. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १ मे १९९९ ला जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि गोंदिया वेगळा झाला. आता आपल्या जिल्ह्यात सात तालुके उरले. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि आपले लाखांदूर.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९५४ साली भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक झाली. तिला स्वतः डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर उभे होते. ज्यांनी देशाची घटना घडवली ते मते मागायला आपल्या जिल्ह्यात आले. ते निवडून आले नाहीत. पण त्या वेळी ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही मत होते. साहेबाला एक मत आणि मजुराला एक मत. घटनेने दिलेली ती बरोबरी भंडाऱ्याने डोळ्यांनी पाहिली.

पितळेचे शहर

आता गुंडाकडे येऊ.

भंडाऱ्याला लोक पितळनगरी म्हणत. पितळ काही खाणीतून निघत नाही. ते करावे लागते. तांबे आणि जस्त एकत्र वितळवले की पितळ होते. शंभर भागांत साठ-सत्तर भाग तांबे असते. बाकीचे जस्त. जुनी फुटकी भांडी, म्हणजे मोड, तीही त्यातच वितळवायची.

मुशीत रस झाला की तो साच्यात ओतायचा. त्याची जाड पाटी होते. पाटी रुळांतून दाबली की पत्रा होतो. पत्रा गोल कापायचा आणि ठोकायला बसायचे. ठोकता ठोकता पितळ ताठर होते. मग ते भट्टीत तापवून नरम करायचे. पुन्हा ठोकायचे. गुंडाचा वरचा भाग वेगळा आणि खालचा वेगळा. दोन्हींना डाग देऊन जोडायचे. शेवटी घासून चकचकीत करायचा.

एका गुंडामागे किती हात लागले पाहा. भट्टीवाला, ओतारी, ठोके मारणारा, डाग देणारा, घासणारा. शिवाय कोळसा आणणारा, माल वाहणारा, दुकानात नाव कोरून देणारा. खेड्यात फिरणारा कल्हईवालाही त्यातलाच. कल्हई का करायची ते आजींना विचारा. पितळेत चिंचेचे सार ठेवले तर ते कळकते, आणि तसे खाल्ले तर पोट बिघडते. म्हणून आतून कथिलाचा पातळ थर द्यायचा. त्याला कल्हई म्हणतात.

आणि हे सारे कुणाच्या पैशावर चाले? आपल्या. धान निघाले, चार पैसे आले, की घरात लग्न निघे. लग्न निघाले की गुंड, गंज, परात, लोटा घ्यायला बाप भंडाऱ्याला जाई. पीक बुडाले तर लग्न लांबे. लग्न लांबले की भंडाऱ्यातला ठोका मंदावे. आपले शेत आणि त्यांची ऐरण एकाच दोरीला बांधलेली होती.

मग ही दोरी कुठे तुटली?

पहिले म्हणजे जर्मलची भांडी आली. ती हलकी आणि स्वस्त. मग स्टील आले. ते कळकत नाही. त्याला कल्हई लागत नाही. राखेने रगडावेही लागत नाही. मग प्लास्टिक आले. पाण्याची बादली, हंडा, सारेच प्लास्टिकचे झाले. इकडे तांब्याचा भाव चढत गेला. नळ आले, हातपंप आले. दूरच्या विहिरीवर दोन दोन गुंड डोक्यावर घेऊन जाणे कमी झाले.

यात कुणाला दोष द्यावा? बायांना तर मुळीच देऊ नये. हलके भांडे आले, त्यांची मान मोकळी झाली. चांगलेच झाले. पण एकाची मान मोकळी झाली तेव्हा दुसऱ्याचा हात रिकामा झाला. कासार आणि तांबट घरांतली पोरे दुसऱ्या कामाला लागली. आज भंडाऱ्यात पितळेची दुकाने आहेत. थोडे कारागीरही आहेत. हौसेने पितळ घेणारे लोक पुन्हा दिसू लागले आहेत. पण पूर्वीचा तो गल्लीभर घुमणारा ठोका आता नाही. आपल्या तरुण भावाला गुंड बनताना दिसला नाही, त्याचे कारण हे.

तांब्याचे एक दूरचे शहर

आता तुम्हाला दूर घेऊन जातो. अमेरिकेच्या पश्चिम भागात मोंटाना नावाचे राज्य आहे. डोंगराळ आणि थंड. हिवाळ्यात तिथे बर्फ पडते. त्या डोंगरात ब्यूट नावाचे शहर आहे.

१८६४ च्या सुमारास तिथे माणसे सोने शोधायला आली. ओढ्याच्या वाळूत सोन्याचे कण मिळत. ते लवकर सरले. मग डोंगरात चांदी लागली. आणि पुढे तांबे लागले. थोडेथोडके नाही, डोंगर भरून. त्याच वेळी जगात विजेचे दिवे येत होते. वीज वाहून न्यायला तांब्याची तार लागते. मग काय विचारता! लोक त्या टेकडीला पृथ्वीवरची सर्वांत श्रीमंत टेकडी म्हणू लागले.

आयर्लंडचे लोक आले. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातले खाणकामगार आले. फिनलंड, इटली, चीन, कुठून कुठून माणसे आली. कुणाची भाषा कुणाला कळेना. जमिनीखाली जवळजवळ एक मैल खोल माणसे उतरत. रात्रंदिवस पाळ्या चालत. आपण शेतावर जाताना फडक्यात भाकर बांधतो. तिथले खाणकामगार पिठाच्या पारीत मांस, बटाटा आणि कांदा भरून भाजत. त्याला ते पास्टी म्हणत. खाणीत उतरताना तीच शिदोरी. आजही ब्यूटमध्ये लोक आवडीने पास्टी खातात.

कामगारांनी १८७८ सालीच आपली संघटना केली. तिच्या जोरावर त्यांना चांगली मजुरी मिळे. पण खाणी हळूहळू एका मोठ्या कंपनीच्या हाती गेल्या. कंपनीचे नाव ॲनाकोंडा. शहराचे काम तिचे, पैसा तिचा आणि वर्तमानपत्रेही तिचीच.

८ जून १९१७ ला तिथे मोठी आग लागली. खाणीत विजेची जाड तार सोडत होते. आगीपासून बचाव व्हावा म्हणून जी सोय करायची होती, तिच्यासाठीच ती तार होती. तार खाली घसरली. ती पाहायला उतरलेल्या माणसाच्या दिव्याची ज्योत तिच्या तेलकट वेष्टणाला लागली. धूर भुयारांत भरला. १६८ माणसे मेली. बरीच माणसे आगीने नाही, धुराने कोंडून मेली.

१९५५ पासून कंपनीने भुयारे सोडून वरूनच डोंगर खणायला घेतला. मोठा खड्डा केला. खड्डा वाढत गेला तशा शहरातल्या वस्त्या त्यात गेल्या. घरे गेली, देवळे गेली. पुढे तांब्याचा भाव पडला. १९८२ साली तो खड्डा बंद झाला. पाणी उपसणारे पंपही बंद केले. खड्ड्यात पाणी साचू लागले. ते साधे पाणी नव्हते. दगडातल्या गंधकामुळे ते आंबट, विषारी झालेले. १९९५ साली पांढऱ्या हंसांचा थवा त्या पाण्यावर उतरला. तीनशेहून जास्त पक्षी मेले. आज ते पाणी शुद्ध करायला यंत्रे बसवली आहेत. ते काम पुढे कित्येक वर्षे करावे लागणार आहे.

१९२० साली त्या शहराची वस्ती ४१ हजारांवर होती. शंभर वर्षांनी, २०२० साली, आसपासचा मुलूख जोडूनही ती सुमारे ३४ हजार भरली. शहर मेले नाही. एक खाण चालते. खाणकाम शिकवणारे जुने कॉलेज आहे. जुन्या इमारती पाहायला प्रवासी येतात. पण ती श्रीमंती गेली.

हे कशाला सांगितले? भंडारा लहान आणि ब्यूट मोठे, अशी तुलना करायला नाही. दोघांची गोष्ट तांब्याची आहे. जे शहर एकाच धंद्यावर उभे राहते, त्याचा तो धंदा बसला की शहर बसते. माणसाचे, गावाचेही तसेच. एक योगायोग पाहा. ज्या १९८२ साली ब्यूटचा खड्डा बंद झाला, त्याच साली आपल्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात मलांजखंडची तांब्याची मोठी खाण सुरू झाली. वैनगंगा त्याच जिल्ह्यातून वाहत आपल्याकडे येते. उद्या तिथल्या पोरांनाही हाच प्रश्न पडेल.

आजचे भंडारा कशावर जगते

पितळ गेले, पण भंडारा ब्यूटसारखे ओस पडले नाही. का? कारण त्याच्याभोवती आपण आहोत.

आपला जिल्हा धानाचा आणि तलावांचा. हे तलाव आपोआप झाले नाहीत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी ते बांधले. कुठे चढ, कुठे उतार, पाणी कुठे अडेल, हे त्यांनी नुसत्या नजरेने ओळखले. कागद नाही, यंत्र नाही. पुढे मालगुजारी आली म्हणून त्यांना मालगुजारी तलाव म्हणू लागले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. त्या तलावांवर धान पिकते. त्यात ढिवर बांधव मासे धरतात. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळतात. त्या कोशांचे सूत निघते. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावला कोशाचे कापड विणतात. उन्हाळ्यात तेंदूपाने तोडून आपल्या बाया चार पैसे मिळवतात.

धान गिरणीत जाते, तांदूळ बाजारात जातो. तुमसरची तांदळाची बाजारपेठ मोठी आहे. तुमसर तालुक्यातच चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. पोलाद करताना मॅंगनीज लागते. वरठीला पोलादाचा कारखाना आहे. लाखनीजवळ गडेगावला मोटारींचा कारखाना आहे. जवाहरनगरला लष्कराचा दारूगोळ्याचा कारखाना आहे. हे सारे भंडाऱ्याच्या आसपास. शहरात कचेऱ्या, कोर्ट, दवाखाने, कॉलेजे आणि दुकाने.

रेल्वेची एक गंमत आहे. रेल्वेचे स्टेशन 'भंडारा रोड' म्हणतात. पण ते शहरात नाही. दहा किलोमीटर दूर, वरठीला आहे. रेल्वे दुरून गेली आणि गोंदियाला जंक्शन झाले. गोंदिया धान-तांदळाच्या व्यापारात वाढले. रस्ता कुठून जातो यावर गावाचे नशीब ठरते. ग्रामसभेत रस्त्याचा ठराव येतो तेव्हा घरी बसू नका, ते यासाठी.

शहरातले जगणे कसे? सकाळी बसस्टँडवर आपल्यासारखेच लोक उतरतात. कुणी तारखेला आले, कुणी सोनोग्राफीला. कुणी पोरीला कॉलेजात घालायला आले. गांधी चौकात गर्दी असते. खांब तलावाकडे संध्याकाळी माणसे फिरायला जातात. वरून सारे चकचकीत दिसते. पण तिथेही भाडे द्यायला दमछाक होणारी माणसे आहेत. पाण्याची कटकट तिथेही आहे. वैनगंगा दाराशी आहे खरी. पण खाली पवनीजवळ गोसीखुर्दचे धरण झाले. २२ एप्रिल १९८८ ला त्याची कोनशिला बसली. धरणाने शेतांना पाणी मिळते, आणि त्याच धरणापायी कितीतरी गावे उठली. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये येते. कन्हान वैनगंगेला मिळते. धरणाने पाणी थबकते आणि घाणही थबकते. एका शहराची घाण दुसऱ्याच्या घागरीत येते, ती अशी.

शहराने घेतलेली किंमत

मंडळी, एक दुःखाची गोष्ट आहे. ती टाळून पुढे जाता येत नाही.

९ जानेवारी २०२१ ची मध्यरात्र. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. दहा बाळे गेली. त्यांतली कितीतरी घरे खेड्यांतली, मजुरी करून जगणारी होती. आपल्या गावात सोय नाही म्हणून त्या माऊल्या विश्वासाने तिथे गेल्या होत्या. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट झाला. कामगारांचे जीव गेले.

ब्यूटच्या आगीची गोष्ट सांगितली ती याचसाठी. सात समुद्रांपलीकडे असो की वैनगंगेकाठी, जिथे आग विझवायची सोय, बाहेर पडायची वाट आणि देखरेख या गोष्टी मागे राहतात, तिथे गरिबाचा जीव पहिला जातो. आपण काय करू शकतो? विचारू शकतो. शाळेत, दवाखान्यात, कामाच्या जागी गेलो की पाहावे, आग विझवायचा लाल नळकांडा कुठे आहे. त्यावर तारीख लिहिलेली असते. ती वाचावी. बाहेरची वाट कुठे आहे ते पाहावे. वाटेत सामान रचलेले असेल तर बोलावे. अक्षर येते ते फक्त सही करायला नाही.

आपण आणि शहर

वर्गातल्या एक बाई म्हणतात, "शहर आपलं नाही जी, साहेबलोकांचं आहे. जिल्ह्याला जायचं म्हटलं की छातीत धडधड होते." आम्ही म्हणतो, धडधड होऊ द्या, पण जा. भंडारा तुमच्या धानावर, तुमच्या खरेदीवर, तुमच्या करावर चालते. तुम्ही पाहुणे नाही. भागीदार आहात.

भागीदाराने कसे जावे, ते चार गोष्टींत सांगतो.

पहिली गोष्ट. बसची पाटी स्वतः वाचा. साकोली, लाखांदूर, पवनी. ही नावे तुम्हाला येतात. चुकीच्या गाडीत बसून दिवस आणि मजुरी बुडवणारे पुष्कळ पाहिले.

दुसरी गोष्ट. अर्ज दिला की पोच घ्या. पोचेशिवाय कचेरीतून निघू नका. २०१५ चा लोकसेवा हक्काचा कायदा आहे. ज्या सेवा त्या कायद्यात नेमून दिल्या आहेत, त्या ठरल्या मुदतीत मिळायला हव्यात. ती मुदत लिहून मागा.

तिसरी गोष्ट. काही कळले नाही तर माहिती मागा. २००५ चा माहितीचा अधिकार आहे. अर्जाला दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत. साधारणपणे तीस दिवसांत उत्तर यायला हवे.

चौथी गोष्ट तरुणांसाठी. शहरात जाऊ नका असे आम्ही म्हणत नाही. धानाचे एक पीक निघाले की हाताला काम नसते, हे आम्हाला ठाऊक आहे. नागपूरला जा, आणखी पुढे जा. पण हातात एक कसब घेऊन जा. आणि एकाच कसबावर सारा जन्म टाकू नका. ठोके मारणाऱ्याला वाटले होते, लोक भांडी घेणे सोडतील थोडेच! लोकांनी भांडी सोडली नाहीत, पितळ सोडले. उद्या तुम्ही शिकलेले कामही यंत्र करील. तेव्हा नवे शिकता आले पाहिजे. आणि शिकण्याची वाट अक्षरातूनच जाते.

घरी बसणाऱ्यांनाही एक काम आहे. तलावातला गाळ काढा. पाळीवरची झाडे तोडू देऊ नका. कोहळ्यांनी ज्ञान वापरून जे करून ठेवले ते कोणत्याही कारखान्याहून जास्त दिवस टिकले. शेकडो वर्षे टिकले. ब्यूटच्या डोंगरातून काढलेले तांबे एकदाच निघाले. आपल्या तलावात पाणी दरसाल येते. पण पाळ फुटली तर तेही राहणार नाही.

आता शेवटचे. त्या आजी गुंड घेऊन घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी मोड घेणारा गावात आला. पितळेला भाव चांगला आहे म्हणाला. आजींचा मुलगा द्यायला तयार होता. घरात खताचे पैसे द्यायचे होते. आजी म्हणाल्या, "दे, पण वजन मी वाचीन." मोडवाल्याचा काटा त्यांनी स्वतः पाहिला. आकडा वाचला. मोडवाल्याने तोंडी सांगितलेले वजन आणि काट्यावरचे वजन जुळेना. पाव किलोचा फरक निघाला. आजींनी गुंड उचलला आणि आत नेऊन ठेवला. म्हणाल्या, "ज्याचं वजन खरं त्याला देईन."

गुंड विकतील की ठेवतील, तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे. आपण त्यात पडू नये. पण आता ते त्या ठरवतील. दुसरे कुणी ठरवणार नाही.

पुढच्या मंगळवारी येताना प्रत्येकाने घरातले एक जुने भांडे घेऊन यावे. त्यावर काय कोरले आहे ते वाचू. आणि या तीन प्रश्नांवर बोलू. आपल्या गावात कोणता धंदा होता आणि तो का गेला? आपल्या तलावाचे पाणी कोण कोण वापरते? आणि भंडाऱ्याला गेलात तेव्हा कोणती पाटी वाचता आली नाही?

ती पाटी आठवून या. आपण फळ्यावर लिहू आणि सगळे मिळून वाचू.